हार पडला की पडली

माझी पहिली नोकरी एका मोकळ्या जागेमुळे लागली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, कुणीतरी निवृत्त झालं असणार. तसं काही नव्हतं. ती मोकळी जागा दोन शब्दांच्या मधली होती.

नारायण पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमच्या सायंदैनिकाची कचेरी होती. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि घरात माझ्या लग्नाचा विषय निघायच्या आत कुठेतरी चिकटावं, एवढाच माझा विचार होता. संपादकांनी मला खिडकीजवळच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे एक उंच, सडपातळ, पन्नाशीचे गृहस्थ कानावर पेन्सिल अडकवून टेबलावर पेन्सिल शोधत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी एक बातमी पुढे सरकवली. धरणातलं पाणी आटल्यामुळे महापालिका आता दिवसातून एकदाच पाणी सोडणार, अशी ती बातमी होती.

"मथळा द्या."

मी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, 'शहरात उद्यापासून पाणीकपात'.

"छान आहे," ते म्हणाले. "आता जरा सुधारू. अक्षर एकही बदलत नाही हं." कानावरची पेन्सिल त्यांना तेवढ्यात सापडली. तिने त्यांनी 'पाणी' आणि 'कपात' यांच्यामध्ये एक उभी रेघ ओढली. "इथे जागा सोडा."

मी वाचलं. शहरात उद्यापासून पाणी कपात. म्हणजे बादलीत नाही, हंड्यात नाही, कपात! मला खुदकन हसू आलं.

"हसलात. उद्यापासून या," ते म्हणाले. "ज्याला कळेल तो हसेल. ज्याला नाही कळणार, त्याला निदान पाणी येणार नाही हे तरी कळेल. बातमी कुणाचीच बुडत नाही."

त्यांना सगळे मथळेकर म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं वापरात यायचं. पण मथळेकर हे नाव इतकं रुळलं होतं की एका लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. मथळेकर व परिवार' असं लिहून आलं, आणि त्या लग्नात एका म्हातारबुवांनी त्यांना, "म्हणजे तुमचं मूळ गाव मथळं. कोकणातलं ना?" असं विचारलं. "हो," मथळेकर म्हणाले, "बातमीच्या जरा वर लागतं."

मला ते 'एमेबाई' म्हणत. यात माझ्या पदवीचा आदर किती आणि कीव किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या काळी शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हातानं जुळवून छपाई व्हायची. मोठ्या टायपातली अक्षरं मोजकीच असायची, आणि आमच्या छापखान्यात सगळ्यात आधी संपायचा तो 'ळ'. दरवर्षी दिवाळीत हा गोंधळ ठरलेला. दिवाळी, फराळ, रांगोळी, आंघोळ, ओवाळणी. सणातला एक शब्द 'ळ'शिवाय हलत नाही. खालून कंपोझिटर ओरडायचा, "ळ संपले होऽऽ!" मग मथळेकर शांतपणे दिवाळीची दीपावली करायचे, आंघोळीचं अभ्यंगस्नान करायचे आणि म्हणायचे, "ळ संपला की आपला पेपर आपोआप संस्कृत होतो."

एका वर्षी मात्र दिवाळीच्या तोंडावर दुष्काळाची मोठी बातमी आली. ळ एकच शिल्लक. दिवाळीला द्यायचा की दुष्काळाला? संपादक स्वतः टेबलापाशी आले. म्हणाले, "सण आहे हो. दुष्काळाला अवर्षण म्हणा."

"अवर्षण वाचून कुणाला तहान लागत नाही," मथळेकर म्हणाले, आणि ळ दुष्काळाला दिला. असं काही ते क्वचित बोलत. बोलले की लगेच घाईघाईने एखादी कोटी करून ते पुसून टाकत. त्या दिवशी त्यांनी काय कोटी केली ते मला आठवत नाही. ते वाक्य मात्र आठवतं.

त्यांच्या खिशात बडीशेपेची एक पितळी डबी असायची. कुणी विनोद केला की ते डोळे मिटून तो चघळल्यासारखं करत. विनोद पसंत पडला तर डबी उघडून चिमूटभर बडीशेप पुढे करत, नाही पडला तर "शिळा आहे" एवढंच म्हणून कामाला लागत. महापौरांपासून चहा आणणाऱ्यापर्यंत हा नियम सगळ्यांना सारखा होता. पहिली चिमूट मिळवायला मला सबंध उन्हाळा लागला. एका सभेत स्टेज कोसळून पाच-सहा पुढारी खाली आले होते, कुणाला फारसं लागलं नव्हतं. मी मथळा दिला होता, 'वजनदार नेत्यांची सभा'. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि डबी सरकवली. विद्यापीठाने पदवी दिली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. ते सदाशिव पेठेत राहायचे. कचेरीतून थेट त्यांच्याकडे जायचा माझा परिपाठ पडला होता, कारण त्यांची मुलगी माझ्याच वयाची आणि लवकरच माझी मैत्रीण झाली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठेंगण्या, गोऱ्या आणि अतिशय कमी बोलणाऱ्या. मथळेकर दिवसभराच्या उत्तम कोट्या राखून घरी आणायचे, चपला काढता काढता एकेक बाहेर काढायचे, आणि काकू प्रत्येक कोटीला एकच शब्द उच्चारायच्या, "कळला." त्यात ना राग, ना कौतुक. पावती फाडून द्यावी तसं "कळला". मग म्हणायच्या, "हात धुवा."

"तेवीस वर्षं झाली," मथळेकर मला एकदा जिन्यात म्हणाले, "ही बाई एकदाही हसलेली नाही. मी हिच्यासाठीच जास्त मेहनत घेतो."

आता त्या हाराकडे येते.

महापालिकेच्या निवडणुका होत्या. आमच्या भागातून भांड्यांचे एक व्यापारी अपक्ष उभे होते. माणूस लोकांच्या उपयोगी पडणारा, पण मतपेटीशी त्यांचं काही जमत नसे. आधी दोनदा पडले होते. या खेपेला मात्र ते नक्की येणार अशी सगळ्या पेठेची खात्री. मतमोजणीच्या दिवशी दुपारी आमचा बातमीदार धापा टाकत आला. भांडीवाले पुन्हा पडले होते, तेही अगदी थोडक्यात. अंक छपाईला जायची वेळ झालेली. मथळेकरांनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं आणि लिहिलं, 'भांडीवाल्यांच्या गळ्यात अखेर हार!'

कंपोझिटर भला माणूस. त्याला वाटलं, घाईत क्रियापद राहून गेलं. त्याने वर येऊन विचारलं, "हार 'पडला' घालू ना, साहेब?"

"अजिबात नाही," मथळेकर म्हणाले. "फुलांचा हार पडतो. निवडणुकीतली हार पडते. पडला म्हटलंस की तो जिंकला, पडली म्हटलंस की हरला. क्रियापद आलं की लिंग कळतं आणि मजा संपते. तसंच छाप."

खाली बातमी सविस्तर होती आणि पराभव स्पष्ट लिहिला होता. पण सायंदैनिकाची बातमी वाचतो कोण! पेपर विकणारी पोरं लक्ष्मी रस्त्यावरून "गळ्यात हाऽऽर, गळ्यात हाऽऽर" असं ओरडत धावली. पेठेतल्या कार्यकर्त्यांनी ते ऐकलं, गुलालाच्या पिशव्या फोडल्या आणि आधीच सांगून ठेवलेला बँड भांड्यांच्या दुकानासमोर उभा केला. भांडीवाले मतमोजणीहून रिक्षाने घरी आले, तर दारात दणक्यात बँड वाजतोय आणि माणसं नाचतायत. रिक्षातून उतरायच्या आत त्यांच्या गळ्यात पाच-सहा हार पडलेसुद्धा.

खरं काय ते कळल्यावर ती मंडळी आमच्या जिन्यावर आली. गुलाल तसाच अंगावर, त्यामुळे ते चिडलेत की आनंदात आहेत हे चटकन कळेना.

"कुणी लिहिलं हे?"

"मी," मथळेकर उठून उभे राहिले.

"आमची चेष्टा करता? हार पडला म्हणून छापता?"

"'पडला' कुठे छापलंय? दाखवा. 'पडला' तुम्ही मनात घातलंत."

त्यांनी अंक उलटासुलटा करून पाहिला. क्रियापद खरंच नव्हतं. व्याकरणाशी मारामारी कशी करायची हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. थोडा वेळ आरडाओरडा करून ते गेले. भांडीवाले स्वतः आले नाहीत, कधी काही बोललेही नाहीत. ते न आल्याचं मथळेकरांना मनातून कुठेतरी लागलं असावं, कारण त्या मथळ्याचं कुणी कौतुक करायला लागलं की ते विषय बदलत.

पुढे दोन-अडीच वर्षांनी त्यांच्या मुलीने घरात सांगितलं की तिला एक मुलगा पसंत आहे. बँकेत नोकरीला, स्वभावाने गरीब, कोथरूडला नव्या सोसायटीत राहतो. वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. आईपेक्षाही मामांचा शब्द शेवटचा. मथळेकर खूश. "मामा काय करतात?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं भांड्यांचं दुकान आहे," मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

मथळेकरांनी हातातला घास ताटात ठेवला. "पुण्यात भांड्यांची दुकानं पुष्कळ आहेत."

"तेच दुकान आहे, बाबा."

काकूंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "घ्या."

बोलणी एका रविवारी सकाळी मुलाकडे ठरली. मामांनीच निरोप पाठवला होता, आधी घर बघून जा म्हणून. काकूंनी मला मुद्दाम बरोबर घेतलं. "तू यांच्या शेजारी बस," त्या मला म्हणाल्या, "आणि यांनी तोंड उघडलं की कोपर मार." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. तिथे प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो असं समजून बोलायचं."

"एकच?" मथळेकर कळवळून म्हणाले.

"एकच. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मामा दारातच उभे होते. भरघोस मिशा, पांढराशुभ्र लेंगा-सदरा. "या, या," म्हणाले, पण मथळेकरांकडे बघताना त्यांचे डोळे जरा बारीक झाले. मुलाच्या आईने पोहे आणले. मुलगी मान खाली घालून बसली. मुलगा दिसेना, तेव्हा काकूंनी सहज विचारलं.

"मुलगा वर आहे," मामा म्हणाले. "टाकीचा नळ गळतोय, तो बघायला गच्चीत गेलाय."

माझ्या शेजारी मथळेकरांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. मुलगा वर आहे! मी कोपर मारलं. त्यांनी पोह्याचा मोठा घास तोंडात कोंबला.

"पत्रिका बघायची असेल तर बघा," मुलाची आई म्हणाली.

"आम्ही पत्रिकांवर विश्वास ठेवत नाही," मामा म्हणाले. "दैनिकांवर तर नाहीच."

पुन्हा कोपर. मथळेकरांच्या कपाळावर घाम आला होता. मामा बोलत होते, "स्थळ तुम्हाला पसंत आहे ना? जागा जरा लांब आहे, पण हवा मोकळी." मी आता कोपर काढतच नव्हते. त्या माणसाने त्या अर्ध्या तासात जेवढं गिळलं, तेवढं उभ्या आयुष्यात गिळलं नसेल. एरवी जे नुसतं रस्त्यातून चालताना त्यांना मिळायचं, ते आज कुणीतरी ताटात वाढत होतं आणि हात लावायची परवानगी नव्हती.

मग मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आता मनात ठेवत नाही, बोलून टाकतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मी रिक्षातून उतरलो, तर दारात बँड. पराभव माझा, दार माझं आणि बँडही माझ्याच खर्चाचा. जमीन दुभंगली असती तर मी बँडवाल्यांसकट आत गेलो असतो."

मुलाच्या आईने पोह्यांच्या बशा गोळा करायला घेतल्या, पण मामा बोलतच राहिले.

"दुकानाच्या वर आम्ही राहायचो. माझी आई तेव्हा होती. तिला दिसत नव्हतं फारसं, ऐकू मात्र चांगलं यायचं. तिने बँड ऐकला. मी वर गेलो तर निरांजन घेऊन उभी. चाचपडत माझ्या गळ्यातले हार बघितले आणि म्हणाली, निवडून आलास. काय सांगणार तिला? मी हो म्हणालो. म्हटलं, उद्या सांगू."

"मग?" काकूंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी शेजारची बाई आईकडे आली, गटार तुंबलं म्हणून. सहज आपलं रडगाणं गायला. आईने मला हाक मारली. अरे, लोकांनी निवडून दिलंय ना तुला? मग जा की. मी गेलो महापालिकेत. रांगेत उभा राहिलो, हातापाया पडलो, गटार साफ करून घेतलं. मग नळाची तक्रार. मग दिव्याची. पेठेतल्या सगळ्यांना माहीत होतं मी पडलोय ते, पण एकाने तिला सांगितलं नाही. उलट तिच्याकडे यायचे आणि म्हणायचे, आजी, नगरसेवकांना जरा सांगा. खऱ्या नगरसेवकापेक्षा माझ्या चपला जास्त झिजल्या. ती गेली तोवर असंच चाललं. गेली ती नगरसेवकाची आई म्हणून गेली."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग मथळेकरांकडे वळले.

"एकच विचारायचंय. ते तुम्ही मुद्दाम लिहिलंत, की घाईत तसं होऊन गेलं? घाईत होतं एखाद्या वेळी. मी समजू शकतो."

दार सताड उघडं होतं. 'घाईत झालं' एवढे दोन शब्द म्हटले की लग्न ठरत होतं. मुलीने पहिल्यांदाच मान वर करून वडिलांकडे बघितलं. मी कोपर तयार ठेवलं होतं, पण कशासाठी मारायचं तेच कळेना. मथळेकरांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"मुद्दाम," ते म्हणाले.

मुलाच्या आईच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"कंपोझिटर 'पडला' घालत होता. मी घालू दिलं नाही. तुमच्या दारात बँड येईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या आईंचं तर काहीच माहीत नव्हतं. त्याचं वाईट वाटतं. पण मथळा मुद्दाम होता. तो घाईत झाला असं मी कसं म्हणू?"

काकूंनी पदर सारखा केला आणि मामांना म्हणाल्या, "हे घरीसुद्धा सगळं मुद्दामच बोलतात हो. कधी चुकून बोलले असते, तर मीही एखाद्या वेळी हसले असते."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांची मिशी हलली, खांदे हलले, आणि ते असे हसत सुटले की पुढ्यातली चहाची बशी लवंडली. "वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "इतकी वर्षं हे ऐकताय? मग मी एका मथळ्याचं काय घेऊन बसलो!" मुलाची आई हसली. मुलगी हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात मुलगा पाना हातात घेऊन, कपडे भिजलेले, जिन्यातून आत आला.

"हा बघा," मामा म्हणाले, "आमचा वर खाली आला!"

सगळे पुन्हा हसले. फक्त मथळेकर हसले नाहीत. ते माझ्याकडे झुकले आणि अत्यंत दुःखाने पुटपुटले, "एमेबाई, तो माझा होता."

लग्न झालं. पुढे छपाई बदलली, खिळे गेले, ळ हवे तेवढे मिळायला लागले. मथळेकर निवृत्त झाले आणि सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड मोडून मुलीच्या जवळ, कोथरूडला राहायला गेले. मामा संध्याकाळी त्यांच्याकडे यायचे आणि दोघं गॅलरीत बसून एकमेकांच्या विनोदांना शिळे ठरवायचे.

मी शेवटची गेले तेव्हा मथळेकर खूप थकले होते. आरामखुर्चीत बसून होते, बोलणं कमी झालं होतं. त्यांची नात जमिनीवर चित्रं रंगवत होती. नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि आज, उद्या, काल यांचा घोळ निस्तरण्यात गुंतली होती. रंगवता रंगवता ती थांबली, खडू हातात धरून आजोबांकडे बघत राहिली.

"आजोबा, तुम्ही आज आजोबा आहात ना?"

"हो."

"मग उद्या उद्योबा होणार?"

मी मोठ्याने हसले. आतून काकूंचंही हसू ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मथळेकर हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले, इतका की मी घाबरून त्यांच्या हाताला हात लावला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि नातीला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले,

"इतकी वर्षं आजोबा आहे मी. आणि हे मला सुचलं नाही हो."